विम्याच्या फॉर्मवरचे अकरा रुपये

आमच्या गाडीची किंमत शून्य आहे, हे मला आधी एका वेबसाइटने कळवलं. कळवलं तेही नीट नाही. गाडीचं साल निवडायला एक यादी उघडली. यादी यंदापासून मागे मागे जात होती. मी बोटाने सरकवत गेले, आणि आमच्या गाडीच्या सालापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी यादी संपली. त्याच्या पलीकडे जगात गाड्या नव्हत्याच, असं कंपनीचं मत.

खाली मदतीचा नंबर होता. लावला.

"मॅडम, जवळचं साल टाका ना," पलीकडचा माणूस म्हणाला.

"जवळचं म्हणजे कुठलं?"

"यादीत जे लास्ट आहे ते."

"म्हणजे गाडी पंचवीस वर्षांनी तरुण करू?"

"सिस्टिम घेत नाही ना मॅडम."

"आणि उद्या गाडी ठोकली, क्लेम टाकला, तर तुमची सिस्टिम काय म्हणेल? खोटी माहिती दिली, पैसे मिळणार नाहीत, हेच ना?"

त्याने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे टू-व्हीलर आहे का?"

मी फोन ठेवला. बाबा ओट्यावर वर्तमानपत्र पसरून स्पार्क प्लग पॉलिशपेपरने घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "क बोलला?"

"स्कूटर आहे का विचारत होता."

"मंग? तुझी हाय नं. तिचा तरी काढ."

बाबांचं असंच. आग मला लागते, ते पाणी ओतत नाहीत, शेकत बसतात.

गाडीची हकीकत आधी सांगते. नेरूळला सेक्टरांच्या मधोमध आमचं गाव आहे. गाव आधी होतं, सेक्टर मागाहून आले. नकाशात मात्र आम्हीच मधे घुसल्यासारखे दिसतो. आजोबांची भातशेती होती, खाडीकडे मिठागरात वाटा होता. नवं शहर वसवायला सरकारने दोन्ही घेतलं. भाव सरकारनेच ठरवला. आजोबांना फक्त अंगठा उठवायला बोलावलं. हातात आलं त्यातून कुणी घर बांधलं, कुणी मुलींची लग्नं केली, कुणी दोन वर्षांत उडवलं. आजोबांनी माटुंग्याच्या एका डॉक्टरकडून गाडी विकत घेतली. वापरलेली, पांढरी, गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या खाली गिअरची दांडी असलेली. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. गाव पोट धरधरून हसलं, तरी ते शिकले.

त्या गाडीतून पहिल्यांदा मिरवत गेली ती माझी आत्या, लग्न होऊन सासरी जाताना. तोवर आमच्या गावची मुलगी सासरी निघायची ती होडीतून. खाडीत भराव पडला, बंदर बुजलं, होड्या गेल्या. आत्याला गाडीतून जाताना बघितलं तसं शेजारच्या घरातून विचारणा झाली, मग त्याच्या शेजारून. आजोबांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. आज आमच्या गावातली कुठलीही मुलगी लग्न होऊन निघाली की आमच्याच गाडीतून निघते. तिच्या बापाच्या दारात स्वतःच्या तीन मोठ्या गाड्या उभ्या असल्या तरी. आणि होडीवाल्याला जो मान द्यायचे तोच आता गाडीला देतात. मुलीची आई बॉनेटला हळद लावते आणि चालवणाऱ्याच्या हातात नारळ, खण आणि अकरा रुपये ठेवते. होडीच्या काळी सव्वा रुपया होता म्हणे. आजोबांमागे बाबा चालवायला लागले. ते नारळ घरी आणतात, खण आईला देतात आणि अकरा रुपये गावदेवीच्या पेटीत टाकतात. एवढीच रीत.

तर विमा. दरवर्षी आम्ही कायद्याला लागतो तेवढा विमा काढायचो. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. आपल्या गाडीचं काही झालं तर आपण आणि आपलं नशीब. गेल्या वर्षी पाम बीच रोडवर सिग्नलला बाबा थांबले असताना मागून एक भलीमोठी कोरी गाडी येऊन आदळली. डिकी आत गेली. त्या गाडीचा मालक खाली उतरला, स्वतःच्या बंपरवर हात फिरवला आणि बाबांना म्हणाला, "ऐसा भंगार रोड पे लाते ही क्यों हो?" सिग्नल सुटला, तो निघून गेला. नंबर टिपायचंही बाबांना सुचलं नाही. मी तिथे नव्हते, नाहीतर हा लेख वेगळाच झाला असता.

तुर्भ्याच्या डेंटरने पत्रा ठोकून सरळ करायला अठरा दिवस घेतले. बाबा रोज डबा घेऊन तिथे जाऊन बसायचे, आजारी माणसाजवळ बसावं तसे. एकोणिसाव्या दिवशी गाडी घरी आणली आणि जाहीर केलं, "ह्या टायमाला फुल इन्शुरन्स काढाचा."

काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी पत्रकं लिहिते. गावठाणातली घरं नियमित करा, गटारं झाका, तलावावर पार्किंग नको. कॉलेजात असल्यापासून लिहितेय, वाटतेय, भिंतीवर चिकटवतेय. बाबांच्या हिशेबाने जिला सरकारशी भांडता येतं तिला कागदाचं काहीही जमतं. जुना विमा संपायला दहा दिवस होते. चौदाव्या दिवशी काकीच्या मुलीचं लग्न. काकी म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको, आमच्या मागच्या आळीत राहते. म्हणजे दहा दिवसांत विमा झाला नाही, तर ती मुलगी गावातली पहिली असेल जी दुसऱ्याच्या गाडीतून जाईल. बिनविम्याची गाडी बाबा रस्त्यावर काढत नाहीत. दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन, गाडी तपासून घेऊन, कागद नवे करून आणणारा माणूस आहे तो. भंगार म्हणे.

वेबसाइटनंतर आम्ही दुसऱ्या एका विमा कंपनीत गेलो, मी तिला काचेची कंपनी म्हणते. नाव लिहीत नाही. सीवूड्सच्या मॉलच्या जवळ एका टॉवरमध्ये त्यांचं ऑफिस आहे आणि त्यात काच सोडून काहीच नाही. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोर बसलेला साहेब माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. गाडीचे फोटो बघून तो खुर्चीत पुढे सरकला.

"सर, ब्यूटी आहे ही! ही तुम्ही चालवता?"

"मंग क ढकलताव?" बाबा म्हणाले.

तो मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता, तेही सांगायला हवं. त्याने सांगितलं की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी त्यांच्याकडे खास योजना आहे. गाडीची किंमत आधीच ठरवायची, आणि गाडी गेली तर एक पैसा कमी न करता तेवढीच द्यायची. मग त्याने कागदावर एक आकडा लिहिला आणि कागद बाबांकडे वळवला.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"फक्त आधी गाडी विंटेज म्हणून रजिस्टर करून घ्यायची, सर. ती आमची अट आहे."

मी मोबाइलवर नियम काढला. मला वाचायची सवय आहे आणि वाईट सवय आहे. विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी प्रदर्शनाला नेता येते, रॅलीला नेता येते, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. एरवी रोजच्यासारखी रस्त्यावर आणता येत नाही. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाला. "अशा गाड्या जपायच्या असतात ना."

"आनि पोरी कशानं न्यायच्या?" बाबांनी विचारलं.

"सॉरी?"

मी समजावलं. गावातल्या मुलींची पाठवणी, सगळं. त्याने मान हलवली. "नाही मॅडम, लग्न म्हणजे एक्झिबिशन नाही ना."

"आमच्याकडची लग्नं बघितली नाहीत तुम्ही," मी म्हटलं.

पण उपयोग नव्हता. खाली आल्यावर बाबा बराच वेळ पार्किंगमध्ये नुसते उभे राहिले. मला वाटलं, चिडलेत. मग म्हणाले, "येवढी किंमत आपल्या कंच्याच वस्तूला कोनी लावली नव्हती गो."

"बाबा, ती किंमत गाडी उभी ठेवायची आहे. झाकून. तुम्ही तिच्याभोवती फिरायचं आणि फडकं मारायचं."

"मना समजता. पन आकडा बरा वाटला."

त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला होता. मला राग आला. बाबांचा नाही. आमच्या घरातल्या माणसाला त्याच्या वस्तूची चांगली किंमत पहिल्यांदा सांगितली जाते तीही ती वस्तू वापरायची नाही या अटीवर, त्याचा राग आला. अजून आहे.

सहा दिवस उरले तेव्हा मी एपीएमसी मार्केटला गेले. तिथे कांदा-बटाट्याच्या गाळ्यांच्या टोकाला, चहाच्या टपरीशेजारी टेबल मांडून बसणारा एक विमा एजंट आहे. मूळचा साताऱ्याकडचा. वडील याच मार्केटात गोण्या वाहायचे. हा शिकला आणि आता वडिलांच्या सोबत्यांच्या टेम्पोंचे, मालकांच्या ट्रकांचे विमे काढतो, सरकारी कंपनीचे. गाडीचं ऐकून त्याने चहा सांगितला.

"आवो ताई, जुन्या गाडीला आमची कंपनी न्हाई म्हणत न्हाई. फकस्त फॉर्म सरळ भरायचा. हितं वापर लिवलंय न्हवं? खासगी. टिक मारायची. सही करायची. घरी जायाचं."

"पण गाडी लग्नांना जाते."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

"पैसं घेऊन?"

"नाही हो. मान असतो. नारळ, खण, अकरा रुपये."

एजंटने कप खाली ठेवला. "ताई, ह्ये मला सांगितलंसा ते बरं केलंत. आता आनि कुणाला सांगू नगा."

मी फॉर्म घरी नेला. सोबत अटींची पुस्तिका होती, मुंगीच्या अक्षरातली. सगळी वाचली. आणि त्यात एक वाक्य सापडलं, ज्यासाठी मी त्या कंपनीला आजही अर्धं माफ करते. पाच वर्षांहून जुन्या आणि आता तयार न होणाऱ्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसातल्या समजुतीने ठरवायची, असं तिथे छापलेलं होतं. दोघांनी. समजुतीने. म्हणजे शून्य कुणी एकट्याने ठरवायचं नाही. मी त्या ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारली आणि बाबांना हाक मारली. बाबांनी स्वतः वाचली, मग आईला वाचून दाखवली.

त्या भरात मी फॉर्म भरला. आता जे केलं ते कबूल करते: वापराच्या रकान्यात खासगीवर टिक केली, आणि जागा पुरली नाही म्हणून एक वेगळं पान जोडलं. पानाला मथळा दिला, ‘वाहनाच्या वापराबाबत खरी परिस्थिती’. त्याखाली होडीपासून सुरुवात करून सगळं लिहिलं. बंदर कुणी बुजवलं तेही. मान काय देतात तेही, आकड्यासकट. खाली बाबांची सही घेतली आणि पान स्टेपल केलं. आम्हाला काही लपवायचं नव्हतं. लपवलं तर उद्या तेच आमच्या अंगावर टाकतील, हे मी दहा वर्षं नोटिसा वाचून शिकले होते.

दोन दिवसांनी एजंटचा फोन आला.

"ताई! काय लिवून ठिवलंय ह्ये? वाशीच्या हापिसातल्या मॅडमनी फाइल माघारी दिली की!"

"काय चुकलं?"

"नारळ लिवला तो लिवला. खण लिवला, तो बी चालला असता. अकरा रुपये कशाला लिवले? पैसं आलं की मोबदला झाला. मोबदला झाला की भाडं झालं. मॅडम म्हणत्यात, ही टॅक्सी हाय."

"टॅक्सी?"

"माज्यावर नगा वरडू. मी म्हणलंच हुतं, सांगू नगा."

संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कळलं. काकी घरी आली, हातात लग्नाच्या पत्रिकांची पिशवी, आणि उभ्यानेच बाबांना विचारलं, "भावजी, माझे पोरीची गाडी जात नाय असा ऐकला. खरा?"

बाबांनी तोपर्यंत तोडगा काढला होता. त्यांच्या मते सोपा. म्हणाले, "ह्या टायमाला अकरा रुपये देऊ नको. नारल दे. खन दे. मंग टॅक्सी नाय होत."

काकीने पिशवी खाली ठेवली. "म्हंजे पोरगी फुकट धाडू?"

"फुकट कशी? नारल हाय नं."

"माझे ननंदेचे येळी माझे सासूनं अकरा रुपये दिलं का नाय दिलं? सगल्यांनी दिलं. माझेच पोरीचे येळी विमावालीला चालत नाय म्हनून देऊ नको? ती कोन?"

"अगो, नुसता कागदाचा हाय..."

"मंग कागद बदला," काकी म्हणाली. "मी नाय बदलाची."

आणि माझ्याकडे वळून, "तू लिवलंस नं? आता तूच जा."

मी कित्येक पत्रकांत लिहिलं असेल, की निर्णय घेताना आम्हाला विचारा. काकीने कधी एकही पत्रक वाचलेलं नाही. तिला वाचायची गरज नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही वाशीला सरकारी कंपनीच्या कचेरीत गेलो. बाबा, मी, एजंट. एजंट सारखा सांगत होता, "ताई, तुमी बोलू नगा. दादांना बोलू द्या." अधिकारी बाई निवृत्तीला आलेल्या होत्या, केसांना मेंदी, टेबलावर फायलींच्या दोन भिंती. त्यांनी माझं जोडलेलं पान वर काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत? वाचायला बरं आहे. पण मोबदला म्हणजे मोबदला. एक रुपया असला तरी."

मी बोलू नको म्हटलेलं विसरले. "मॅडम, भाडं आधी ठरतं. दिलं नाही तर गाडी जात नाही. याला म्हणतात भाडं. आमच्याकडे कुणी ठरवत नाही, कुणी मागत नाही."

"दिलं नाही तर जाते?"

"जाते," बाबा म्हणाले.

"कधी गेली आहे?"

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. मग सांगितलं. गावात एका घरात मुलीची आई आधीच वारली होती. मान द्यायचा तो आईने. पाठवणीच्या वेळी सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले, कुणालाच पुढे होववेना. शेवटी बाबांनीच आमच्या घरातून नारळ आणला, बॉनेटला हळद लावली आणि मुलीला गाडीत बसवलं.

"आणि अकरा रुपये?" बाईंनी विचारलं.

"ते पेटीत टाकावं लागतंत. मीच टाकलं."

"म्हणजे टॅक्सीवाल्याने भाडं स्वतःच भरलं?"

एजंट हसला. बाईही हसल्या, पण पेन त्यांनी खाली ठेवलं नव्हतं. मी घाईने पुस्तिका पुढे केली आणि दोन रेघा मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाचलंय मी ते," त्या म्हणाल्या. "लोक वाचत नाहीत." आणि बाबांकडे वळून विचारलं, "बोला. किती धरायची?"

माझ्याकडे आकडा तयार होता. बाबा माझ्याकडे बघतील म्हणून मी थांबले. त्यांनी बघितलं नाही. टेबलावरच्या फायलींकडे बघत ते पुटपुटत मोजायला लागले. इंजिनाचं काम कधी केलं, सीट कुठे शिवल्या, डिकीचा पत्रा, चारही टायर. मग एक आकडा बोलले. काचेच्या कंपनीने लिहिला होता त्याच्या पावही नव्हता. बाईंनी थोडा कमी सांगितला. बाबांनी मधला सांगितला. बाईंनी लिहिला. झालं. आकडा मी इथे देत नाही. तो त्या दोघांनी ठरवलेला आहे. आजोबांच्या शेताच्या वेळी हा एक प्रश्न कुणी विचारला असता, "बोला, किती धरायची?" तर आजोबांनी काय सांगितलं असतं, ते मला कधीच कळणार नाही.

मग बाईंनी फॉर्म आपल्याकडे ओढला आणि एक अट लिहिली. वाचून दाखवली: लग्नाच्या पाठवणीसाठी वाहन वापरात असताना वाहनाचं स्वतःचं काही नुकसान झालं, तर भरपाई मिळणार नाही. बाकी सगळं मिळेल. दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेही, त्या दिवशीसुद्धा.

"टॅक्सी मी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "खासगीच लिहिते. तुमचं पानही फाइलला राहील. पण माझ्यावरही ऑडिट आहे. हे मान्य असेल तर आत्ता पॉलिसी देते. नसेल तर फाइल मुंबईला वरच्या ऑफिसला पाठवते. महिना तरी जाईल."

"पाठवा," मी म्हटलं. "आम्ही वर भांडू."

"आन तवर?" एजंट म्हणाला. "आज रातच्याला बाराला जुना विमा संपतोय, ताई."

"हे चूक आहे. ज्या कामासाठी गाडी आहे तेच काम सोडून बाकी सगळ्याचा विमा! म्हणजे पेट्रोल भरायला गेलो तर विमा, आणि गावच्या मुलीला नेलं तर आपलं आपण. त्या काचवाल्यांपेक्षा हे वेगळं काय?"

"येगला हाय," बाबा म्हणाले. "ते बोलले नेऊ नको. ही बाई बोलते, ने, पन तुझे जोखमीवर." त्यांनी बाईंसमोरचं पेन उचललं. "आपली जोखीम आपली हाय. कवा नव्हती?"

आणि सही केली.

जिन्यातच आमचं वाजलं. मी म्हटलं, तुम्ही माघार घेतलीत. ते म्हणाले, मी गाडी घेतली. मी म्हटलं, एकदा अशी अट मान्य केली की दरवर्षी छापून येईल. ते म्हणाले, दरवर्षी तू भांड, तुला कोनी अडवलाय? एजंट दोन पायऱ्या मागे राहिला होता, आमच्या घरात असंच बोलतात हे त्याला माहीत नसावं. खाली रस्त्यावर आल्यावर बाबांनी खिशातून काचेच्या कंपनीचा तो घडी घातलेला कागद काढला, फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. आठवडाभर जवळ बाळगला होता म्हणजे.

लग्नाच्या दिवशी काकीने बॉनेटला हळद लावली ती नेहमीपेक्षा जास्त, पार दिव्यांच्या काचांपर्यंत. अकरा रुपये बाबांच्या हातात ठेवताना एवढ्या मोठ्याने मोजले की मांडवातल्या शेवटच्या खुर्चीला ऐकू गेलं. मुलगी उरणकडे दिली आहे. बाबांच्या शेजारी मी, मागे नवरानवरी आणि करवली. पाम बीच रोडला लागलो तशी मागून एक गाडी हॉर्न मारायला लागली. बाबा ताशी तीसच्या वर गेले नाहीत आणि बाजूलाही झाले नाहीत. त्यांची बोटं स्टिअरिंगवर किती घट्ट होती ते मी बघितलं. पत्र्याला एक ओरखडा आला असता तरी तो आमचा होता, हे त्यांना ठाऊक होतं. मागून मुलगी म्हणाली, "काका, जरा जोरात घ्या ना, लोक बघताहेत."

"बघू दे नं," बाबा म्हणाले. "बघायलाच काढली हाय."

काही झालं नाही. मुलगी पोचली, गाडी परत आली. त्यामुळे आता लोक मला सांगतात, झालं ना सगळं नीट, मग सोड. मी सोडलेलं नाही. काही झालं नाही म्हणून अट बरोबर ठरत नाही. दुसऱ्याच सोमवारी मी वरच्या ऑफिसला अर्ज पाठवला, ती ओळ काढून टाका म्हणून, सोबत गावातल्या बायकांच्या सह्या. पहिली सही काकीची, अंगठा नाही, सही, लग्नानंतरची आवराआवर सोडून बसून केलेली. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं. वाशीच्या त्या बाई निवृत्त व्हायच्या आत मला एकदा म्हणाल्या, "पाठवत राहा, कधीतरी कुणीतरी वाचेल." मी पाठवतेय. चौथं आज सकाळी टाकलं. या महिन्यात गावात दोन लग्नं आहेत आणि गाडी दोन्हीला जाणार आहे.